बाय-टू नाताळ

बंगळुरात दोन माणसं हॉटेलात गेली की एकच कॉफी मागवतात आणि दोन पेल्यांत वाटून घेतात. याला तिकडे 'बाय-टू' म्हणतात. २०१४ सालच्या डिसेंबरात मी आणि माझा कम्पॅनियन रोज त्या हॉटेलांवरून चालत जायचो. आम्ही होतो दोघंच, कायम दोघंच, पण मधली कॉफी गायब होती.

मी तेव्हा मॉर्मन मिशनरी होतो, म्हणजे एका अमेरिकन ख्रिस्ती चर्चचा धर्मप्रचारक. दोन वर्षांसाठी. पांढरा शर्ट, टाय, गुळगुळीत दाढी आणि खिशावर काळी पाटी: 'एल्डर साळवे'. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं वीस. घरी मला कोणी दुधाची पिशवी आणायला पाठवलं तरी सुट्टे पैसे मोजून घ्यायचे, आणि इथे पन्नाशीची माणसं मला 'वडीलधारे, बसा' म्हणत होती.

कम्पॅनियन म्हणजे जोडीदार. तो आपण निवडायचा नाही, वरून नेमून येतो. सहा-सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते, तोवर दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. सूट फक्त न्हाणीघराची. लग्न झालेल्यांनासुद्धा इतकी सक्ती नसते. माझ्या वाट्याला आलेले एल्डर प्रसाद राजमुंद्रीचे. माणूस सोन्यासारखा, पण न्हाणीघरात मोठ्याने गायचा, त्यामुळे ती एक सूटही मला कधी पुरती मिळाली नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, दारू-सिगारेट नाही, चहा नाही, कॉफी नाही.

यातलं चहाचं कलम आमच्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही मूळचे नगरचे. आमच्या घरात ख्रिस्त आला तो अमेरिकन मराठी मिशनबरोबर. ती मंडळी १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला पोचली. आजी हे सगळं असं सांगते की जणू टांग्यातून त्यांच्या ट्रंका तिनेच उतरवून घेतल्या. पुढे बाबा नोकरीसाठी डोंबिवलीला आले आणि या दुसऱ्या अमेरिकन चर्चमध्ये गेले. आजी मात्र आपल्या जुन्या देवळातून हलली नाही. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "अमेरिकन आपल्याला नवे नाहीत रे. पण आमच्यावाले चहा प्यायचे."

डिसेंबर लागेपर्यंत ठीक चाललं होतं. आम्ही दारोदार कड्या वाजवत फिरायचो नाही. ओळखीतून कोणी बोलावलं तरच जायचं. एरवी आठवड्यात चार-पाच घरं व्हायची. नाताळ जवळ आला आणि अख्ख्या लिंगराजपुरमला आमची आठवण झाली. ऐकायला कोणाला वेळ नव्हता, खायला घालायला मात्र प्रत्येकाला होता.

त्यात आमचा वेष. टाय, पाटी, काळी बॅग, आणि जोडीने चालणं. भारतात या वर्णनाचा एकच प्राणी असतो: औषध कंपनीचा एमआर. फ्रेझर टाउनमध्ये पत्ता विचारायला आम्ही एका दवाखान्यात डोकावलो, तर कंपाउंडर मान वर न करता म्हणाला, "डॉक्टर एमआरना फक्त मंगळवारी भेटतात. सॅम्पल ठेवून जा." एल्डर प्रसाद इतके भिडस्त की ते बॅग उघडायला लागले. दुसऱ्या एका गल्लीत लोकांना वाटलं, आम्ही कॅरोलवाले. पोरांनी गराडा घातला, "अंकल, सांता कुठाय?" एका आजोबांनी माझ्या हातात दहाची नोट कोंबली आणि म्हणाले, "गाणं नको, डोकं दुखतंय."

पण खरी परीक्षा २३ तारखेला होती. त्या दिवशी सात घरं.

पहिल्या घरी फिल्टर कॉफी. पितळी डबरा-पेला, वरून फेस, वास थेट मेंदूत. नको म्हटलं. यजमानांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आम्हाला त्यांच्या घरचं चालत नाही. हे समजावण्यात पंधरा मिनिटं. दुसऱ्या घरी चहा, पुन्हा पंधरा मिनिटं. तिसऱ्या घरी त्यांनीच समजूतदारपणे विचारलं, "कॉफी नको ना? मग घरची द्राक्षाची वाइन घ्या."

चौथं घर एका अँग्लो-इंडियन आंटींचं. जुनं बैठं घर, दारात कागदी तारा, टेबलावर क्रोशाचं कापड आणि त्यावर मांडलेली आरास. साखरेत घोळवलेले कलकल, म्हणजे आपल्या वसई-गोव्याकडचे कुलकुल. फुलाच्या आकाराच्या रोझ कुकी. आणि मधोमध तो. काळपट, ओला, जड प्लम केक. आंटींनी सुरी घातली तशी ती वरून खाली सरकली नाही, बुडाली. कापलेल्या बाजूला बेदाणे चमकत होते. खोलीभर असा वास सुटला की भिंतीवरचे दिवंगत अंकलसुद्धा फोटोत जरा पुढे झुकल्यासारखे वाटले.

"सप्टेंबरपासून फळं रममध्ये बुडवून ठेवली होती, मॅन," आंटी अभिमानाने म्हणाल्या.

मी एल्डर प्रसादांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकाला दुसऱ्याने 'भट्टीत रम उडून जाते' असं म्हणायला हवं होतं. दोघांनाही एक माणूस कमी असता तर बरं झालं असतं. जोडी कशासाठी नेमतात ते मला त्या क्षणी कळलं.

"आंटी, आम्हाला दारू चालत नाही."

"दारू कुठाय? केक आहे."

"आत रम आहे ना."

"आत मैदापण आहे. तू मैदा खायला आलायस का?"

याला उत्तर नव्हतं. मग कॉफी? नाही. चहा? नाही. आंटी खुर्चीत बसल्या. घरातला कोणी आजारी असल्यासारखा आवाज काढून त्यांनी विचारलं, "पण का रे?"

मी सांगितलं की १८३३ मध्ये आमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना आरोग्याविषयी जो दृष्टान्त झाला, त्यात 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली आहेत, आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा धरतात. आंटी आत गेल्या. दहा मिनिटांनी दोन मोठे मग घेऊन आल्या. वाफा येत होत्या.

"हॉर्लिक्स," त्या म्हणाल्या. "हे चालतं?"

"हो आंटी, हे चालतं."

त्यांनी मगला बोट लावून पाहिलं, चटकन मागे घेतलं. "हे गरम नाही?"

त्या एका प्रश्नावर आमची दोन वर्षांची तयारी गारद झाली. दोन वडीलधारे मिशीला हॉर्लिक्सचा फेस लावून मान खाली घालून बसले. मिशी नव्हती, पण फेस होता. उरलेल्या तीन घरांत आंटींचा फोन आमच्या आधी पोचला होता. तिन्हीकडे हॉर्लिक्स. रात्री एल्डर प्रसाद म्हणाले, "ब्रदर, मला वाटतं माझी उंची वाढतेय."

चोवीसला गल्लीतला जो तो विचारत होता, "तुमची मिडनाइट मास किती वाजता?" आता काय सांगणार? आमच्याकडे मध्यरात्रीची उपासनाच नाही, आणि साडेदहाला दिवे बंद. प्रभूच्या जन्माच्या रात्री सगळं बंगळूर नवे कपडे घालून रस्त्यावर, आणि त्याच्या नावाची पाटी लावून फिरणारे आम्ही दोघं चादर ओढून आढ्याकडे बघत पडलेले. बाराला घंटा झाल्या, फटाके फुटले. पलीकडच्या खाटेवरून हळूच आवाज आला, "झोपलात का?" मी म्हटलं, "नियमाप्रमाणे, हो."

आता आईच्या पार्सलकडे येतो. ते बावीसलाच आलं होतं. करंज्या, चिवडा, लाडू. करंज्यांचा वाटेत भुगा झाला होता. तो आम्ही चमच्याने खाल्ला. एल्डर प्रसादांनी विचारलं, हा गोड उपमा तुमच्याकडे कसा करतात? तळाशी, माझ्या नव्या मोज्यात खुपसलेली एक पुडी निघाली. नगरचा चहा, पाव किलो. वर आजीच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठी: 'सलाम. कोणाला दाखवू नको.'

दाखवू नको! ज्याला चोवीस तास सोबत नेमून दिलीय त्याला? एल्डर प्रसाद माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण चहाला कुठलं आलंय भाषांतर. ते काही बोलले नाहीत, फक्त खिडकी उघडली. मी पुडी उचलली, खाली जाऊन घरमालकिणीला दिली. बाई हरखल्या. दुसऱ्या दिवसापासून बरोबर साडेसहाला, म्हणजे आम्ही उठून प्रार्थनेला बसायचो तेव्हा, आलं घातलेल्या चहाचा वास जिन्यावरून वर यायला लागला. ती पुडी मी मोज्यातच ठेवली असती तरी चाललं असतं.

पंचवीसला घरी फोन. तेव्हा वर्षातून दोनदाच घरी बोलता यायचं, नाताळला आणि मे महिन्यातल्या मदर्स डेला. (फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला परवानगी झाली. आताची पोरं व्हिडिओवर आईला खोलीतला पसारा दाखवतात आणि बोलणी खातात. आमचं तसं नव्हतं.) सात महिने मी काय काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. डोंबिवलीत फोनभोवती दोन काका, आत्या आणि तिच्या शेजारच्या बाई जमल्या होत्या. काकांनी बंगळूरचं हवामान विचारलं. दुसऱ्या काकांनीही हवामानच विचारलं. आत्याने विचारलं, पगार किती देतात? पगार मुळीच नसतो हे ऐकून फोन बराच वेळ तिच्याकडेच राहिला. आई आली ती "जेवलास का?" म्हणाली, मग तिला पुढे बोलता येईना, मलाही येईना. समोर एल्डर प्रसाद भिंतीवरचं कॅलेंडर एकाग्रतेने वाचत बसले होते.

शेवटी आजी. तिने आवाज इतका खाली आणला की नगरपर्यंत गेला असेल.

"पुडी मिळाली का?"

"मिळाली, आजी."

"मग? कसा आहे चहा?"

खोटं बोलायची आम्हाला मनाई. खरं सांगितलं तर पुढच्या पार्सलात अर्धा किलो आला असता. मी एल्डर प्रसादांकडे पाहिलं. त्यांनी कॅलेंडरावरची नजर काढली नाही.

"वास फार छान आहे, आजी."

"तुझ्या त्या जोडीदारालाही दे हो," आजी म्हणाली. "एकट्याने पिऊ नये."