माउसच्या चाकाचा एक दात

गोदेला पूर किती आलाय, हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात. शाळेतल्या मुलांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलची शेवटची तारीख किती जवळ आलीय, हे माझ्याकडे बघून कळतं. पाणी गळ्याशी आलं की मी एखाद्या दिव्यांग मुलाची चुकीची नोंद अगदी बिनचूक लॉक करतो.

चूक माउसच्या चाकात असते. दिव्यांगत्वाच्या यादीत 'अल्पदृष्टी' निवडायचं, आणि नाव एकदा तपासावं या सद्‌हेतूनं चाक वर फिरवायचं. कर्सर अजून यादीतच अडकलेला. पान हलत नाही, निवड मात्र एक घर वर सरकते: 'पूर्ण अंधत्व'. सेव्ह, अंतिम, कुलूप! ज्या पोराला मोठ्या टायपातली पुस्तकं हवीत, त्याच्या नावावर आता ब्रेल. (निवड झाली की आधी मोकळ्या जागी एक क्लिक, मगच चाक. उपाय फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.)

किल्ली वरच्या कार्यालयात.

"मॅडम, एक नोंद उघडून द्या ना."

"लॉक कोणी केली, सर?"

"मीच."

"मग?"

या 'मग'ला लेखी उत्तर लागतं. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळेची सरकारी ओळख), मुलाचा क्रमांक, चुकलेला रकाना, आत्ता काय दिसतंय, काय हवंय, सोबत प्रमाणपत्राची प्रत. नुसतं 'दुरुस्ती व्हावी' लिहिलं की अर्ज परत. सगळ्या चुका एकाच अर्जात कोंबा. दुसऱ्या खेपेचा 'मग' फार लांबतो.

पण प्रत्येक बदल म्हणजे चूक नव्हे, हे भल्याभल्यांना पटत नाही. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली, फेरतपासणीत दिव्यांगत्वाचे ३५ चे ४५ टक्के झाले, तर जुना ३५ खोटा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. रकाना एकच, त्यामुळे नवा आकडा जुन्याच्या डोक्यावर बसतो, आणि गेल्या वर्षी सवलत का नव्हती याचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून कुलूप उघडताच आधी जुन्या पानाची प्रिंट, तारीख टाकून फायलीत. मग नवा आकडा, शेऱ्यात प्रमाणपत्राची तारीख.

इतक्यात नाव अडतं. पोरगा ज्ञानेश्वर. आधारवर स्पेलिंग 'डी-एन-वाय'नं सुरू, दिव्यांग कार्डावर 'जी-वाय'नं. भिंत चालवणं एकवेळ सोपं, हे दोन जुळवणं नाही. आधी कार्ड दुरुस्त करून घ्यायचं, मग पोर्टल. उलट केलंत तर पुन्हा 'मग'.

सगळं जमलं, सेव्ह दाबलं, की ओटीपी जातो मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर. म्हणजे आधीच्या मुख्याध्यापकांच्या, कारण निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं, नंबर बदलायचा राहिला. सर आता निफाडला द्राक्षबागेत.

"सर, ओटीपी आला का?"

"आलाय रे. थांब, चष्मा घरी राहिला."