थिनर, पॉलिश पेपर आणि जुने सिलिकॉन : एका प्रतिक्रियेला उत्तर

रंग देण्याआधी फायबरच्या होडीच्या सांध्यांत भरलेले जुने सिलिकॉन काढण्याची मी दिलेली पद्धत म्हणजे निव्वळ वेळखाऊपणा आहे, थिनरचा बोळा फिरवून 80 नंबरचा पॉलिश पेपर मारला की काम भागते आणि तरीही रंगात फिशआय (रंग न धरल्याने पडणारे गोल खळगे) उठलेच तर ते घालवणारे थेंब बाजारात मिळतात, असे आपले म्हणणे आहे. आक्षेप नेमका मांडल्याबद्दल आभार. पण तो मला पटलेला नाही.

घट्ट झालेले सिलिकॉन थिनरमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. ते फुगून मऊ पडते आणि त्यातला तेलकट अंश बोळ्याबरोबर पसरत जातो, त्यामुळे केबिनच्या खिडकीभोवतीचा बोटभर पट्टा पुसता पुसता वीतभर होतो. त्यावर पेपर चालवला की हाच अंश जेलकोटच्या (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराच्या) ओरखड्यांत भरतो, जिथून तो काढणे अधिकच अवघड. म्हणून आधी प्लास्टिकच्या पात्याने जाड थर खरवडावा, उरलेल्यावर सिलिकॉनची रासायनिक साखळी तोडणारे रिमूव्हर डब्यावर सांगितलेला वेळ ठेवावे, साबणाच्या पाण्याने धुवावे, मग सॉल्व्हेंटने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून ते सुकण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे (फडकी सतत बदलावीत, इथे कंजुषी नको), आणि पेपर त्यानंतरच हाती घ्यावा. मधूनमधून स्वच्छ पाणी ओतून पाहावे. ते सलग न पसरता थेंब धरू लागले, तर सिलिकॉन किंवा मेण शिल्लक आहे.

आपल्या पद्धतीने आपली होडी नीट रंगली असेल, यावर माझा अविश्वास नाही. सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट असेल तर ते घासता येते व त्यावर बहुधा रंगही धरतो. होडी साच्यातून सुटावी म्हणून लावलेले मेणही योग्य सॉल्व्हेंटने निघते. सिलिकॉनची गोष्ट वेगळी आहे.

थेंबांविषयी मात्र माझे मत कडक आहे. असे बहुतेक थेंब स्वतःच सिलिकॉनचे असतात. ते सगळ्याच रंगाचा पृष्ठताण उतरवतात, म्हणून डाग दबतो. पण पुढच्या हातातही तेच घालावे लागतात आणि स्प्रे गन नीट धुतली नाही तर त्यांचा अंश दुसऱ्या कामात उतरतो.

आणखी एक : खिडकी ॲक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असेल तर थिनर आणि ॲसिटोन तिच्यापासून दूरच ठेवावे, कारण त्यांनी तिला बारीक तडे जातात, रिमूव्हरही आधी झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे.