काकू, आम्ही थांबलो होतो

काकू, तुम्ही स्वतःला तिघा नातवंडांची आजी म्हटलंय, म्हणून काकू म्हणते. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज दुपारी पोरगा झोपल्यावर पुन्हा एकदा सावकाश वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझा मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा आहे, वयाच्या मानानं फार कमी बोलतो, त्याची स्पीच थेरपी चालू आहे आणि मला आठवा महिना लागलाय, असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर काकूंचं म्हणणं असं: मुलगे उशिराच बोलतात, त्यांचा धाकटा तिसऱ्या वर्षी बोलला आणि आज मोठ्या हुद्द्यावर आहे. मधातून वेखंड चाटवायचं सोडून आम्ही पोराला पेशंट करून ठेवलंय. मोबाईल हातात दिल्याची ही फळं आहेत. आणि पहिल्याच्या तोंडून धड शब्द फुटत नाही तोवर दुसऱ्याची घाई कशाला?

मोबाईलचं आधी सांगते. दिला होता. भरवताना रोज अर्धा-पाऊण तास, जवळजवळ सहा महिने. २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सही सांगते. तुमचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं आहे. मोबाईल बंद केला तसा जेवताना तो आमच्याकडे बघायला लागला. शब्द मात्र आले नाहीत.

आता मुलगे उशिरा बोलतात याबद्दल. काकू, हे वाक्य मी नऊ महिने जपलं. तो दीड वर्षाचा होता तेव्हा ‘आई’ आणि ‘बाबा’ सोडून काही म्हणत नव्हता. आम्ही विचारलं त्या प्रत्येकानं हेच सांगितलं, डॉक्टरांनीसुद्धा. आमच्या घरात तर पुरावाच होता. सासूबाई सांगतात की ह्यांनीही तिसऱ्या वर्षापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. मग आम्ही थांबलो. दोन वर्षांचा झाला तेव्हा मी वहीत त्याचे शब्द लिहून काढले. सहा भरले. त्या वयाला पन्नासच्या आसपास शब्द आणि ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी येत नसेल तर दाखवून घ्यावं, हे मला वही मिटल्यावर कळलं.

त्या रात्री ह्यांनी मला जे सांगितलं ते लग्नाच्या सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बालवाडीत त्यांचं बोलणं कुणाला समजायचं नाही. बाईंनी ‘काय?’ विचारलं की ते गप्प बसायचे, आणि मग गप्प बसायची सवयच लागली, ती चौथीपर्यंत गेली नाही. सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगा बोलायला लागला, प्रश्न मिटला, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. तुमच्या धाकट्याचं तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. उशिरा बोलणारी बरीचशी मुलं पुढे बरोबरीला येतात, हे मला थेरपिस्टनंही सांगितलं. पण त्यातलं कोणतं मूल आपसूक येईल आणि कोणतं मागे राहील, हे दोन वर्षांच्या पोराकडे बघून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून थांबायची मला भीती वाटते.

थेरपिस्टनं पहिल्याच दिवशी विचारलं, “कान तपासलेत का?” आम्ही म्हटलं, ऐकू येतं की त्याला, बेल वाजली तर दाराकडे पळतो. त्यांनी तरीही पाठवलं. बेरा म्हणून तपासणी असते. मूल गाढ झोपलेलं लागतं. कपाळाला आणि कानांमागे छोट्या तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो की नाही ते यंत्रावर बघतात. तो माझ्या मांडीवर झोपला होता, घामानं केस ओले झालेले, आणि मी दीड तास पाय हलवला नाही. आतला कान चांगला निघाला. पण पडद्याची वेगळी तपासणी केली तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं सापडलं. सर्दी त्याला सतत असायचीच. अशा मुलाला बेल ऐकू येते, हाक ऐकू येते, पण स, फ, त असली हलकी अक्षरं पाण्याखालून आल्यासारखी विरून जातात. त्याच्यापर्यंत अर्धेच शब्द पोचत होते आणि आम्ही त्याला पूर्ण शब्द परत मागत होतो. हे पाणी पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवून थांबले. त्याचं ओसरलं. न बोलण्याचं तेवढं एकच कारण होतं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलेलं नाही, थेरपी अजून चालूच आहे. पण वेखंडाचं म्हणाल तर आमच्या बाळगुटीतही त्याचे दोन वेढे होतेच, काकू. वेखंडानं पडद्यामागचं पाणी कळत नाही.

पेशंट करून ठेवलंय, हे मात्र मला मान्य नाही. थेरपी म्हणजे काय ते सांगते. आठवड्यातून दोनदा पाऊण तास तिथे, बाकी सगळं घरी. ‘म्हण पाणी, म्हण ना’ असा लकडा लावायचा नाही. ‘हे काय, ते काय’ विचारत बसायचं नाही. तो जे बघतोय त्याबद्दल आपण एखाद-दुसरा शब्द बोलायचा आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. मी पोळ्या लाटत असताना तो गाऊन ओढायचा आणि मी न विचारता कणकेचा गोळा हातात द्यायची, वर्षभर दिला. थेरपिस्टनं सांगितल्यावर एकदा गोळा माझ्या तोंडाजवळ धरला, “गोळा” म्हटलं आणि मनात आकडे मोजत राहिले. पाचला तो रडकुंडीला आला. आठला म्हणाला, “गोऽ.” तव्यावरची पोळी करपली होती, मी गॅस बंद करून खाली बसले. तीन आठवड्यांनी “गोऽ दे” आलं. सासूबाई त्याच्याशी मालवणीत बोलतात आणि आम्ही घाटावरचं मराठी. तेही बंद करायला कुणी सांगितलं नाही, दोन भाषांनी बोलणं अडत नाही. आज वहीत ४३ शब्द आहेत.

आणि दुसऱ्याची घाई. याचं उत्तर द्यायला मी बांधील नाही, तरी देते, कारण हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. दिवस गेले तेव्हा तो २ वर्षं २ महिन्यांचा होता आणि माझं वय ३६. पुढच्याच महिन्यात त्याच्या कानांच्या तपासण्या सुरू झाल्या. डोंबिवलीहून लोकलनं, ओकारी दाबत, त्याला कडेवर घेऊन जायची. रात्री वाटायचं, याच्या वाटणीचा वेळ मी आत्ताच दुसऱ्याला देऊन बसले. हे वाटणं अजून गेलेलं नाही. पण त्याच्यावर उपाय शोधत गेलो. बाळंतपणाला मी माहेरी सांगलीला जाणार नाही, आईच इकडे येणार आहे, म्हणजे थेरपी तुटायची नाही. सव्वा महिना मला फार हलता येणार नाही, म्हणून गेले दोन महिने हेच सत्रांना आत बसून शिकताहेत. सासूबाईही शिकल्या. परवा त्या गोळा हातात धरून माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबल्या. उशिरा बोलणं घराण्यात चालतं हे आता आम्हाला माहीत आहे, त्यामुळे येणाऱ्या बाळाचे कान दवाखान्यातून घरी यायच्या आधीच तपासून घेणार आहोत, आणि तेव्हा बरोबर निघाले तरी पुढे लक्ष ठेवणार आहोत.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ होती. तुमच्या लेकीचा मुलगा येत्या महिन्यात दोन वर्षांचा होईल, तोही ‘अजून गप्पच असतो, पण आम्ही नाही बाई डोकं लावत’. खरं तर या ओळीसाठीच मी एवढं लिहिलं. त्याला सांगितलेलं कळत असेल, हवं ते बोटानं दाखवत असेल, तर ती चांगली खूण आहे. तरीही त्याचे कान तपासून घ्या. मुंबईत असाल तर वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे. बाहेरगावी असाल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं मुलांसाठीच काढली आहेत, आणि अंगणवाडीच्या ताईंनाही विचारता येईल. त्याला वारंवार सर्दी होत असेल, कान ओढत असेल, झोपेत तोंड उघडं राहत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि बेरा सांगितली तर त्या दिवशी सकाळी लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. आमचा ठाण्यालाच झोपला होता, तिथे पोचेपर्यंत टक्क जागा झाला आणि आम्हाला आठवड्यानं परत जावं लागलं.