लिटल स्केट कुणाचं पिल्लू नाही

समुद्रतळावर पाय टाकल्यासारखा सरकणाऱ्या एका चपट्या माशाचा व्हिडिओ सध्या खूप फिरतोय. सोबतचा मजकूर सांगतो, की हा ‘लिटल स्केट’ म्हणजे छोटं विषारी पाकट. ही वेगळी जात नव्हेच, विंटर स्केट या मोठ्या जातीचं पिल्लू. तो जगभरच्या समुद्रांत सापडतो. आणि असेच मासे चालत जमिनीवर आले, म्हणून तो आपला पूर्वज. मासा खरा आहे, चालही खरी आहे. बाकीचं खरं नाही.

विषाचं आधी. विषारी काटा पाकटाच्या शेपटीवर असतो, स्केटच्या नाही. स्केटच्या पाठीवर बारीक काटे असतात. त्यावरून, हेजहॉग या काटेरी प्राण्याची आठवण ठेवून, लिटल स्केटला ‘एरिनेसिया’ हे शास्त्रीय नाव मिळालं. शिवाय पाकट पिल्लांना जन्म देतं, स्केट अंडी घालतो.

‘पिल्लू’ हा आरोप मात्र नीट तपासायला हवा, कारण ही गल्लत जाणकारांचीही होते. लहान वयात दोघे खरोखर सारखे दिसतात. विंटर स्केटच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात, पण प्रत्येकावर असतीलच असं नाही. तरी जाती दोनच. अमेरिकी निसर्ग-अभ्यासक सॅम्युअल मिचिल यांनी 1815 मध्ये विंटर स्केटचं वर्णन केलं आणि 1825 मध्ये लिटल स्केटचं. म्हणजे दोघांना वेगळं ठरवणारा माणूस एकच. आज दोन्ही जाती ल्यूकोराजा या वंशात आहेत. लिटल स्केटची वाढ अर्ध्या मीटरच्या आसपास थांबते आणि तेवढ्या नराचे आलिंगक, म्हणजे समागमाचे अवयव, पूर्ण वाढलेले असतात. पिल्लाचे कसे असतील? विंटर स्केट मीटरभर वाढू शकतो. पण नुसत्या आकारावर भिस्त ठेवू नये: कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागातले विंटर स्केट बरेच लहान असतानाच प्रौढ होतात. म्हणून मी दातांवर विश्वास ठेवीन. वरच्या जबड्यात दातांच्या रांगा साधारण 66 पेक्षा कमी असतील तर लिटल, 72 किंवा जास्त असतील तर विंटर.

हा काथ्याकूट का, तर विंटर स्केट धोक्यात आलेली जात आहे. लिटल स्केट अजून मुबलक आहे आणि लॉबस्टरच्या सापळ्यांत आमिष म्हणून वापरला जातो. दोघांना एकाच नावाखाली मोजलं, की मुबलक जातीच्या आकड्यांत दुसरीची घट बुडून जाते, आणि तिची पिल्लं आमिषाच्या पिंपात गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

‘जगभर’ म्हणाल, तर त्याचं घर उत्तर अमेरिकेचा अटलांटिक किनारा: नोव्हा स्कॉशियाच्या परिसरापासून नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरसपर्यंत, जॉर्जेस बँक या समुद्रातल्या उथळ पठारावर भरपूर, आणि बहुतेक शंभरेक मीटर खोलीच्या आतच. याचं कारण त्याच्या अंड्यात आहे. चार शिंगांच्या चामड्यासारख्या कोशात एकच गर्भ कित्येक महिने तळाशीच वाढतो आणि बाहेर पडतो तो छोटा स्केट होऊनच. प्रवाहाबरोबर महासागर ओलांडणारी तरंगती अळी इथे नाहीच. युरोपच्या किनाऱ्यावर दिसतात ते याच वंशातले इतर मासे.

राहिला पूर्वज. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की लिटल स्केटच्या पोटाकडच्या परांना चालवणारी चेतापेशींची यंत्रणा चार पायांच्या प्राण्यांशी जुळते. पण कूर्चामाशांची (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांची; स्केट त्यांतलाच) आणि आपली वाट 40 कोटी वर्षांहून आधीच फुटली. ती यंत्रणा दोघांच्याही समाईक, त्याहून जुन्या पूर्वजाकडून आलेली आहे. लिटल स्केट नात्याने फार दूरचा भाऊ लागतो, आजोबा नव्हे.