‘थकला की कुत्रा आपणहून थांबतो’ हे खरं नाही

मार्च संपत आला की कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरायला लागतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्याला बारा महिने रोज तासभर चालवलंच पाहिजे, उन्हाळ्यातही खंड नको. गल्लीतली कुत्री दिवसभर उन्हात असतात, त्यांना काही होत नाही. तळवे जाड असतात, चटका बसत नाही. अंगावरचे केस पूर्ण भादरावेत. ताकात कांदा किसून द्यावा. चक्कर आलीच तर गार पाणी ओतू नये, शॉक बसतो. ओल्या टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात न्यावं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: काळजी नको, थकला की कुत्रा आपणहून थांबतो.

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण त्यावर विश्वास ठेवून मी माझा शेरू जवळजवळ गमावला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेरू तेव्हा पाच वर्षांचा धडधाकट लॅब्रॅडॉर होता. एप्रिलमधला रविवार, पुण्यातली वेताळ टेकडी. सातला चढायला लागलो, वरती चेंडू फेकणं-आणणं झालं, खाणीच्या बाजूने फेरी झाली. साडेआठ वाजले होते, ऊन अजून सोसवत होतं. शेरू एकदाही थांबला नाही. उतरताना मात्र त्याची पावलं तिरकी पडायला लागली. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत होती, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या, लाळ घट्ट आणि चिकट. गाडीपाशी पोचता पोचता त्याचे मागचे पाय गेले.

तो का थांबला नाही? कारण चेंडू मी फेकत होते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आपलं माणूस चालतंय तोवर बहुतेक कुत्री चालत राहतात. आपल्यासारखा घाम त्यांना येत नाही, जो थोडा येतो तो तळव्यांना. उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आणि ४१ च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला लागते. मधलं अंतर किती थोडं आहे ते बघा. धावताना स्नायू जी उष्णता तयार करतात ती धापांनी बाहेर पडली नाही, तर हे अंतर बघता बघता संपतं. मुंबईत, कोकणात तर हवाच इतकी दमट असते की धापांनी ओलावा उडत नाही. त्यामुळे तिथले ३३ अंश कुत्र्याला कोरड्या हवेतल्या ३३ पेक्षा जड जातात.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली प्राण्यांच्या दवाखान्यांतल्या उष्माघाताच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. त्यांत सुमारे ७४ टक्के घटनांचं कारण श्रम होतं, म्हणजे चालणं, धावणं, खेळणं. बंद गाडीत अडकलेल्या कुत्र्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. थंड देशातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे अकोला, नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो.

आता गल्लीतली कुत्री. उद्या दुपारी एक वाजता खिडकीतून बघा. उभ्या गाडीखाली, बांधकामाच्या ओल्या रेतीत खड्डा करून, रसवंतीच्या मांडवाच्या सावलीत ती पडलेली दिसतील. कधी उठायचं, कुठे बसायचं हे त्यांचं ती ठरवतात. घरचा कुत्रा पट्ट्याला बांधलेला असतो, त्याला ते ठरवता येत नाही. शिवाय पग, बुलडॉग, शिह त्झू यांचं नाक इतकं चपटं असतं की त्यांना सावलीतही धाप पुरी पडत नाही. तोंड आवळून धरणारी कापडी मुसकी घालून कुत्र्याला फिरवणारे लोक मी रोज बघते. त्यांना हात जोडून सांगते, मुसकं हवंच असेल तर आत तोंड उघडता येईल असं जाळीचं घ्या.

तळव्यांचं म्हणाल तर भाजलेल्या तळव्याची सुटलेली कातडी एकदा पाहिली की हा वाद संपतो. हवा २५ अंशांची असतानाही भर उन्हातलं डांबर ५० च्या वर जाऊ शकतं. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद टेकवून बघा. तेवढा वेळ टेकवून ठेवता आली नाही, तर कुत्र्यालाही तिथे चालवू नका. संध्याकाळी सहाला हे आवर्जून करा, कारण सूर्य कलला तरी डांबर तापलेलंच असतं.

हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांना केसांचे दोन थर असतात. ते पूर्ण भादरले की उन्हापासूनचा आडोसा जातो आणि कातडी भाजते. आतले गळणारे केस विंचरून काढा, तेवढं बास. कांदा आपल्या खिशात ठेवा हवा तर, कुत्र्याला मात्र देऊ नका. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताकात घातला म्हणून फरक पडत नाही. द्राक्षं आणि बेदाणेही नकोत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

सगळ्यात घातक आहे तो गार पाण्याबद्दलचा सल्ला. त्या दिवशी माझ्या गाडीत पाण्याच्या चार बाटल्या होत्या. मी एकही ओतली नाही, कारण ‘शॉक बसतो’ हे डोक्यात पक्कं बसलं होतं. टॉवेल भिजवला, शेरूला गुंडाळलं आणि अर्धा तास गाडी चालवली. दवाखान्यात तापमान ४१ च्या वर निघालं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तो टॉवेल काढून फेकला. अंगावर पांघरलेला ओला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. मग त्यांनी भराभर पाणी ओतलं आणि समोर पंखा लावला. शेरू दोन दिवस सलाइनवर होता.

कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं. नळाचं, बाटलीतलं, शेततळ्यातलं. सावलीत न्यायचं, मान, पोट, जांघा यांवर ओतत राहायचं, वारा घालायचा. नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही. श्वास सावरायला लागला की गाडी काढायची, आणि गाडीतही एसी किंवा खिडक्या उघड्या. थर्मामीटर असेल तर तापमान ३९.५ च्या खाली आल्यावर ओतणं थांबवायचं. तो उठून शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण मूत्रपिंडांना झालेली इजा दोन-तीन दिवसांनीही उघडी पडते. त्याच ब्रिटिश संशोधकांना २०२३ साली असं दिसलं की दवाखान्यात आणण्याआधी पाचातल्या जेमतेम एका कुत्र्याला गार केलेलं होतं.

राहिला रोजच्या तासाभराचा नियम. दोन महिने फेऱ्या आखूड झाल्या म्हणून निरोगी कुत्र्याचं काही बिघडत नाही. त्याला चालण्याइतकंच हुंगायला हवं असतं, आणि ते घरातही होतं. शेरू आता अकरा वर्षांचा आहे. मे महिन्यात आम्ही पहाटे साडेपाचला खाली उतरतो, पंधरा मिनिटं मातीच्या कडेकडेने चालतो आणि परत येतो. मग मी तोच जुना टॉवेल घड्या घालून जमिनीवर ठेवते, आत भाकरीचे तुकडे लपवते. तो एकेक घडी नाकाने उलगडतो, शेवटचा तुकडा खातो आणि गार फरशीवर पोट टेकून झोपी जातो.