साडेतीन क्विंटल शांतता

हेडफोनची किंमत बाबांना सांगावी की सांगू नये, या विचारात मी दोन रात्री घालवल्या आणि तिसऱ्या दिवशी पार्सलवाल्याने फाटकातूनच "सव्वीस हजार नऊशे नव्वद द्या जी" असे म्हणून तो प्रश्न निकाली काढला. बाबा तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, बाबांनी अडकित्ता खाली न ठेवता तोंडीच भागाकार केला आणि जाहीर केले, "साडेतीन क्विंटल कापूस. वरून थोडा. अन् तोही कानाले."

माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी बसून मी पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो आणि महिन्यातून एकदा एसटीने वर्ध्याला व तिथून रात्रभराच्या रेल्वेने पुण्याला जातो. प्रवासात झोप आणि घरी कामात लक्ष, अशा दोन गरजांसाठी मी बाहेरचा आवाज गिळणाऱ्या हेडफोनांचा दोन महिने अभ्यास केला होता. सेनहायझरच्या मोमेंटम ४ ची बॅटरी साठ तास चालते, सोनीचा एक्सएम ५ अडीचशे ग्रॅमचा आहे पण दुमडत नाही, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स पावणेचारशे ग्रॅमच्याही वर जातो, हे सारे मला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा अधिक पाठ झाले होते. शेवटी मी कोणता घेतला ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष त्याचा किती आणि आमच्या गावाचा किती, याचा निवाडा अजून लागलेला नाही. परत करण्यासाठी सात दिवसांची मुदत होती आणि तेवढ्यात माल पारखून घ्यायचा, असे मी ठरवले.

या यंत्राची युक्ती ऐकायला फार साधी आहे. बाहेरचा आवाज मायक्रोफोन टिपतो आणि यंत्र त्या लाटेच्या बरोबर उलटी लाट कानात सोडते, म्हणजे दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ सालीच मिळाले होते. पण ती हेडफोनमध्ये आणण्याचा ध्यास बोस या स्पीकरच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी घेतला तो १९७८ साली, झुरिकहून बोस्टनला परतताना विमानाच्या घरघरीने संगीत ऐकू येईना म्हणून. इथेच सगळी गोम आहे. विमानाची घरघर खर्जातली आणि एकसुरी असते, आणि उलटी लाट नेमकी अशाच आवाजाला गाठू शकते. बोस साहेब त्या दिवशी आर्वी-वर्धा एसटीत बसले असते, तर त्यांनी हा नाद तिथल्या तिथे सोडून दिला असता, अशी माझी खात्री आहे.

कारण मी बसलो. इंजिनाचा आवाज खरोखरच गेला, इतका की गाडी बंद पडली असे वाटून मी खिडकीबाहेर पाहिले. परंतु आजवर त्या इंजिनाच्या पोटात दडलेले बाकीचे आवाज आता एकेक करून, आंघोळ करून आल्यासारखे स्वच्छ, पुढे आले. सैल काचेचा खडखडाट, कंडक्टरची घंटी, आणि मागच्या बाकावरच्या दोन बायांचे कौंडण्यपूरच्या एका स्थळाविषयीचे बोलणे. मुलाला सव्वाचार एकर शेती, त्यात ओलिताची दीडच, आणि मुलाची आई "बोलायले गोड पण हाताले कंजूस", हे मी शब्दन् शब्द ऐकले. मी चष्मा लावतो आणि चष्म्याच्या काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही, तिथून फट राहते, असे पुस्तिकेत वाचून मी चष्मा काढला. त्यानंतर मला बाया दिसेनाशा झाल्या; ऐकू येतच राहिल्या.

घरची परीक्षा याहून अवघड निघाली. पुष्कळ लोकांचा समज असतो, आणि माझाही होता, की आवाज गिळणारा हेडफोन दोन्ही बाजूंचा आवाज गिळतो. तसे नसते. आपल्या कानाची शांतता हा एक कारखाना आणि पलीकडच्याला आपला आवाज स्वच्छ पोचवणे हा दुसरा. आमच्या खोक्यात पहिला उत्तम चालत होता आणि दुसऱ्याला सुटी होती. तिसऱ्या दिवशी अकराच्या बैठकीत मी ध्यानस्थ मुनीसारखा बसून तिमाहीचे आकडे वाचले. कूलर नाही, कुकर नाही, बकरी नाही. आयुष्यात प्रथमच मी इतक्या संथपणे बोललो. बैठक संपताना पुण्याहून आमचे साहेब म्हणाले, "छान झालं. आणि हो, उद्या तुमच्याकडे नळ येणार नाहीत, तेव्हा आजच पाणी भरून ठेवा." ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरची ती सूचना घरात फक्त मलाच ऐकू आली नव्हती.

शेजारच्या काकाजींनी त्याच संध्याकाळी आईजवळ चौकशी केली, "पोराच्या कानाले काही झालं का जी? सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून घ्या." मी काही बोलल्याबरोबर गाणे आपोआप थांबण्याची जी सोय या यंत्रात आहे, तिच्यामुळे मला ते ऐकू आले; त्या वेळी मी वासराला हाकलत होतो.

मे महिन्याचा प्रश्न वेगळाच. पारा पंचेचाळिसाला टेकला की कृत्रिम चामड्याच्या त्या मऊ गाद्यांखाली कान उकडलेल्या शेंगांसारखे होतात. शिवाय पस्तीस अंशांच्या वर चार्ज करू नये, अशी पुस्तिकेची आज्ञा होती. पस्तीस अंश आमच्याकडे रात्री अकरानंतर केव्हातरी होतात, आणि लाइट जाण्याचीही त्याच सुमाराची आवड आहे. सहाव्या दिवशी मी परत पाठवण्याची नोंद केली.

सातव्या दिवशी दुपारी खोके काढले, तार गुंडाळली, पुस्तिका घडीवर घडी घालून ठेवली, हेडफोनच सापडेना. तो बाबांच्या डोक्यावर होता. आमचा पत्र्याचा कूलर आणि बाबा यांचे अकरा वर्षांपासून वैर आहे. लावला तर पिठाच्या गिरणीत झोपल्यासारखे वाटते, बंद केला तर झोपताच येत नाही. त्या कूलरच्या तोंडासमोर खाट टाकून बाबा घोरत होते. बोस साहेबांना हवी होती तशी खर्जातली, एकसुरी, न थांबणारी घरघर जिल्ह्यात कुठे असेल तर ती त्या ताट्यांमागे होती, आणि ही गोष्ट साडेतीन क्विंटल मोजणाऱ्या मला सहा दिवसांत सुचली नव्हती.

तीनच्या सुमारास लाइट गेली. साऱ्या आळीतून "गेलीऽ" अशी नेहमीची आरोळी उठली. बाबा हलले नाहीत. पाऊण तासाने घामाने निथळत ते उठून बसले आणि थांबलेल्या पात्याकडे बराच वेळ संशयाने पाहत राहिले.

"मले वाटलं चालूच आहे," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "अन् यात एक बाई बोलली. इंग्रजीत. का म्हणते ते?"

"बॅटरी कमी झाली म्हणते, बाबा."

"मंग लाव ना चार्जिंगले. मले कायले सांगते?"

गाद्या घामाने चिंब झाल्या होत्या आणि वरच्या पट्टीवर खोबरेल तेलाचा एक रुंद, चकचकीत पट्टा उमटला होता. परत करण्याच्या अटींमध्ये "वस्तू न वापरलेल्या स्थितीत असावी" असे पहिलेच वाक्य होते. पाच वाजता पार्सलवाला फाटकाशी आला, तेव्हा लाइट आली होती आणि कूलर सुरू होता. तो काहीतरी विचारत होता. बाबांनी त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले, हेडफोन काढण्याची तसदी घेतली नाही, आणि "काय म्हणते रे तो?" हे मला ज्या आवाजात विचारले, तो पाण्याच्या टाकीपर्यंत सहज गेला असावा.