ओटीपीचे पाचशे रुपये

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘जो टॅक्स भरेल त्यालाच मत. पंधराशे रुपयांत मत विकणाऱ्यांच्या हाती देश किती दिवस द्यायचा?’ खाली तिरंगा आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांत डॉक्टर आहेत, माझ्यासारखे निवृत्त बँकवाले आहेत, आणि मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाईही आहेत. (हो, नागरिकशास्त्रच.) मी तिथे काही लिहिलं नाही. लिहिलं की ॲडमिन म्हणतो, ‘ताई, ग्रुपवर राजकारण नको.’ फॉरवर्ड मात्र त्याच्या हिशेबात राजकारणात बसत नाही. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

हा फॉरवर्ड वाचत होते तेव्हा पोळ्यावाल्या मावशी ओट्याशी कणीक मळत होत्या. मावशी दिव्याहून लोकलने येतात, आमच्या डोंबिवलीत घरं करतात. त्या लाडक्या बहिणींपैकी एक, राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतून त्यांना महिन्याला पंधराशे मिळतात. म्हणजे फॉरवर्डमधल्या ‘मत विकणाऱ्या’ आमच्याच ओट्याशी उभ्या होत्या आणि विचारत होत्या, ‘ताई, आज भाकरी टाकू का दोन?’

त्या योजनेसाठीचं त्यांचं ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) माझ्या फोनवर केलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी सक्तीचं केलं. आधी दोन महिन्यांची मुदत, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, तो भरायचा. इथवर ठीक. पुढच्या पानावर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक, आणि ओटीपी त्यांच्या फोनवर. मावशींचे वडील त्या लहान असतानाच गेले, त्यांचं कसलं आधार? नवरा टाकून गेलाय. जालन्याकडे दुसरा संसार मांडून बसलाय. नंतर सरकारने सोय केली, विधवांनी मृत्यूचा दाखला द्यावा, घटस्फोटितांनी कोर्टाचा कागद, अंगणवाडी सेविकेकडे. पण मावशींचा नवरा ठणठणीत जिवंत आहे, आणि घटस्फोट काही झालेला नाही. त्यांच्याकडे यातला कुठलाच कागद नाही. योजनेच्या पात्रतेत परित्यक्ता आहेत बरं का, पहिल्या दिवसापासून. केवायसीचं पान बनवताना त्या कुणाला आठवल्या नाहीत.

मावशी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, ‘ताई, मेला म्हणून टाकू का?’

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

शेवटी दिराला फोन लावून नवऱ्याचा नंबर मिळवला. आधार क्रमांक जुन्या रेशनकार्डासोबतच्या झेरॉक्सवर होता, तो टाकला. त्याच्या फोनवर ओटीपी गेला. मावशींनी फोन केला, सगळं समजावलं. पलीकडून आवाज आला, ‘आधी पाचशे टाक.’ मावशींनी गूगल पे वरून पाचशे टाकले. तोवर ओटीपीची मुदत संपली. परत सगळं पहिल्यापासून, परत फोन. या वेळी सांगितला एकदाचा त्याने. मी माझ्याच स्वयंपाकघरात मोठ्याने शिवी दिली, जी इथे लिहिता येणार नाही. मावशी म्हणाल्या, ‘असू द्या, पुढच्या हप्त्यातून वळते होतील.’

आता मला सांगा, ही बाई फुकटी?

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. मतदारयादीत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. ते म्हणाले, असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या पायी यादीतून गेली. कठोर होतं, पण त्या माणसाला कळत होतं की मत हे बाईचं असतं, तिच्या नवऱ्याचं नाही. आणि सत्तर वर्षांनी माझ्या ओट्यावर बाईच्या नावाला पुन्हा नवऱ्याचा ओटीपी लागतो, आणि तो त्याचे पाचशे घेतो!

बरं, टॅक्स. मावशी टॅक्स भरत नाहीत असं कुणी ठरवलं? अंगाला लावायचा साबण, टूथपेस्ट, यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता. आता ५ टक्के आहे. दुकानदार मावशींना वेगळा दर लावत नाही. रिटर्न भरत नाहीत म्हणून टॅक्स भरत नाहीत, हे फक्त सीएकडे जाणाऱ्या माणसालाच सुचू शकतं.

आणि आपण? फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, पगारदारांना पावणेतेरा. अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की यात सरकारचं सुमारे १ लाख कोटींचं उत्पन्न जाणार. त्या दिवशी याच ग्रुपवर फटाक्यांचे स्टिकर होते, धन्यवादाचे फोटो होते. दिल्लीचं मतदान चार दिवसांवर होतं, पण कुणी म्हणालं नाही की मध्यमवर्गाचं मत विकत घेतलं. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, सरकारी अंदाजानेच १ लाख ४५ हजार कोटींचा खड्डा. त्याला म्हणतात सुधारणा. माझं आयुष्य बँकेत गेलंय, मोठ्या कर्जदारांच्या तडजोडी कशा होतात, साहेब लोक कुणाला खुर्ची देतात आणि कुणाला काउंटरवर उभं ठेवतात, ते मी बघितलंय. (राइट-ऑफ, म्हणजे बुडीत कर्ज बँकेच्या हिशेबातून काढणं, ही कर्जमाफी नव्हे, हे मला कळतं. कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका.)

आता तो फॉरवर्ड ज्यांनी टाकला ते काका. नाव घेत नाही, वयाचा मान आहे. काका पंच्याहत्तरी ओलांडलेले. २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात पंचाहत्तरच्या पुढे एसटी फुकट आहे. काका कल्याण डेपोतून चिपळूणला जातात, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो, ते तिकीट काकांनी हौसेने ग्रुपवर टाकलं होतं. आणि रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत सुरू करा म्हणून सह्यांची मोहीमही काकांचीच. मी सही केलीय. परत सांगितलं तर परत करेन. म्हाताऱ्या माणसाला सवलत मिळायलाच हवी. पण काका, मग मावशींनी काय घोडं मारलंय?

आपल्यात पगारदार खूप आहेत, म्हणून एक आठवण. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा ना, फेब्रुवारीत ३००? तो १९७५ चा कायदा. तो पैसा रोजगार हमीसाठी होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना मजुरी द्यायची म्हणून शहरातल्या नोकरदाराच्या खिशातून घेतला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, सगळ्या पक्षांनी उचलून धरली. आमच्या आधीच्या पिढीने कुरकुर केली असेलच, पण ‘खडी फोडणारीला मत कशाला’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. निदान चारचौघांत नव्हती.

आणि मताचंच म्हणाल तर २० मे २०२४, लोकसभेचं मतदान, सोमवार. शनिवार-रविवार जोडून आला. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या शुक्रवारी रात्रीच अलिबाग-माथेरानकडे गेल्या. कल्याण मतदारसंघात मतदान झालं जेमतेम निम्मं. मावशी त्या उन्हात दिव्याला रांगेत उभ्या होत्या, उशीर झाला म्हणून एका घरी जाता आलं नाही. त्या घराने खाडा कापला. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब सांगतं, पण ते दुकानं, कारखाने, आस्थापनांना. आपलं स्वयंपाकघर आस्थापनेत मोडत नाही. म्हणजे मत द्यायला ज्यांनी स्वतःची मजुरी घालवली, त्यांनी मत विकलं, आणि अलिबागला मासे खाल्ले ते जागरूक नागरिक.

मावशींनी मत कुणाला दिलं ते मला आजही माहीत नाही. विधानसभेच्या वेळी मी आडून आडून विचारलं. ‘दिलं की,’ म्हणाल्या आणि पोळी उलटली. विकत घेणाऱ्यालाही माल पोचला की नाही ते कळत नाही. गुप्त मतदान आहे ते, काका.

हो, मान्य आहे, योजना निवडणुकीच्या तोंडावर आली. जुलै २०२४ पासून पैसे सुरू, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन्ही हप्ते आचारसंहितेच्या आधीच एकदम, आणि २० नोव्हेंबरला मतदान. हे न कळायला आपण दुधखुळे नाही. आधी सरसकट वाटले आणि निकालानंतर चाळणी लावली, तेही दिसलं. सत्तेवाल्यांनी २१०० कबूल केले होते, समोरच्यांनी ३०००, तेव्हा कुणी कुणाला हसायचं? २०२२ च्या जुलैत पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, टीकेचं भाषण केलं, नंतर त्यांच्याच पक्षाच्या राज्यांत काय वाटलं गेलं ते सगळ्यांनी बघितलं. सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवला म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली, तेही अत्यंत वाईट. दलित-आदिवासी पोरांच्या वसतिगृहाचा घास काढून बहिणीला ओवाळणी घालायची? यावर भांडा ना. मी येते तुमच्याबरोबर.

पण भांडण सरकारशी करा. हप्ता घेणारीशी कसलं भांडता?

पंधराशेने मावशींचं घर चालत नाही, दिव्याच्या खोलीचं अर्धं भाडंसुद्धा निघत नाही. त्यांना खरं काय हवंय ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, कारण मी त्यांना पगार देणारी आहे. मीच अंदाजाने सांगते. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या, आजारपणात न कापला जाणारा पगार, म्हातारपणी काहीतरी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्येच झाला. तुमच्याकडच्या मावशींची त्यात नोंदणी आहे का, विचारलंय कधी? जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करा. हे कुठल्या ग्रुपवर फॉरवर्ड होत नाही. कारण त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून नाही, आपल्या पाकिटातून जाणार.

बाबासाहेब १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागत होते. तेव्हा मत होतं जमीनवाल्यांना, कर भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना. काकांच्या फॉरवर्डमधला भारत आपण एकदा बघून झालाय, तो इंग्रजांनी चालवला होता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. काका माणूस वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये मावशींचं येणं बंद होतं तेव्हा तीन महिन्यांचा पूर्ण पगार देणाऱ्या मोजक्या घरांत काकांचं घर होतं, हे मावशींनीच मला सांगितलंय. समोरच्या बाईला माणूस म्हणून वागवणारे लोक फोन हातात घेतला की तिचं मत काढून घ्यायला निघतात, याचं मला कोडं पडतं. मुलं परदेशात, दिवस मोठा, फोन सतत हातात, असं काहीतरी असेल. पण परत तो पाचशेवाला फोन आठवला की कीव वगैरे सगळी जाते.

असो. सोसायटीची सर्वसाधारण सभा जवळ आलीय. मी लेखी विषय दिलाय. आपल्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आणि महिन्याला चार हक्काच्या सुट्ट्या, असा ठराव. सेक्रेटरींनी तो ‘ऐनवेळचे विषय’मध्ये ढकललाय, म्हणजे चहा-समोसे आल्यावर. मला एक सूचक मिळालाय, अनुमोदक हवाय. काकांना उद्या सकाळी विचारणार आहे. ते नाही म्हणाले तर बी विंगमधले जे कोणी हे वाचताय, त्यांनी कमेंटमध्ये अंगठा न देता मला फोन करा.